गावचा फुटबॉल संघ नागपूरला हलवावा का? मंडळाच्या सभेपूर्वी जाणकारांचे मत हवे आहे

झाडीपट्टीकर

सर्वांना नमस्कार. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात आमचे गाव आहे आणि गावच्या क्रीडा मंडळाचे सचिवपद सध्या माझ्याकडे आहे. विषय अजून सभेपुढे जायचा असल्यामुळे गावाचे आणि मंडळाचे नाव येथे देत नाही.

झाडीपट्टीत कबड्डीचा जोर मोठा असला, तरी आमच्या गावाने दोन पिढ्यांपूर्वी फुटबॉल धरला आणि तो आजवर सोडलेला नाही. धानाची कापणी आणि मळणी आटोपली की पोरे मैदानावर उतरतात. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, तेव्हा आजूबाजूच्या तालुक्यांतून संघ येतात. दिवसा सामने होतात आणि रात्री नाटक असते. बूट, जाळ्या, पाहुण्या संघांचे जेवण हे सारे लोकवर्गणीतून उभे राहते, आणि ज्याला रोख देणे जमत नाही तो तांदूळ आणून देतो. मंडळाची रीतसर नोंदणी झालेली आहे आणि गेल्या काही वर्षांत आमच्या संघाचे नाव जिल्ह्याबाहेरही घेतले जाऊ लागले आहे.

याच नावामुळे आमच्यापुढे एक प्रस्ताव आला आहे. नागपुरात खासगी फुटबॉल प्रशिक्षण केंद्र चालवणाऱ्या एका गृहस्थांना तयार संघ हवा आहे. त्यांचे म्हणणे असे की मंडळाचा फुटबॉल विभाग, त्याचे नाव आणि त्याची संलग्नता, म्हणजे फुटबॉल संघटनेकडची नोंद, त्यांच्याकडे द्यावी. संघ नागपुरात राहील, तिथेच सराव करील आणि तिथल्या स्पर्धांत खेळेल. आमच्या निवडक खेळाडूंची राहण्या-जेवणाची सोय ते करतील आणि मोबदल्यात मंडळाला एकरकमी देणगी देतील, ज्यातून मैदानालगत खोली आणि कुंपण होऊ शकेल. सुरुवातीचे दोन हंगाम गावाचे नाव राहील, पुढे ते बदलण्याचा अधिकार त्यांचा असेल.

कार्यकारिणीत उघड दोन तट पडले आहेत. तरुण सभासदांना वाटते की पोरांना पुढे जायचे असेल तर नागपूरशिवाय मार्ग नाही. ज्येष्ठ मंडळी म्हणतात की संघ गेला तर मंडईत आम्ही काय पाहायचे. मला दोन्ही बाजूंचे म्हणणे पटते आणि म्हणूनच निर्णय अवघड झाला आहे. जगात इतरत्र असे घडले आहे काय, घडले तेव्हा त्या गावांचे आणि त्या संघांचे पुढे काय झाले, आणि कायद्याने कार्यकारिणीला असा निर्णय घेता येतो का, याविषयी आपण माहिती द्यावी ही विनंती.

वर्धाकाठ

भाऊ, तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उदाहरण इंग्लंडमधले आहे, आणि तिथले अंतरही साधारण तुमच्या गावापासून नागपूरइतकेच होते. आपल्याकडे विम्बल्डन हे नाव टेनिसमुळे ठाऊक आहे, परंतु दक्षिण लंडनच्या त्या भागाचा १८८९ साली स्थापन झालेला एक फुटबॉल क्लब होता. कित्येक दशके तो हौशी खेळाडूंचा क्लब म्हणून खेळला, १९७७ साली त्याला इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला, अवघ्या नऊ वर्षांत तो सर्वोच्च श्रेणीत पोहोचला आणि १९८८ साली एफए कपच्या अंतिम सामन्यात त्याने लिव्हरपूलसारख्या बलाढ्य संघाला १–० असे हरवले. वस्तीतल्या लोकांनी जोपासलेला एवढासा क्लब देशाचा सर्वांत जुना चषक घेऊन घरी आला, हे आजही सांगताना मला बरे वाटते.

त्याची घसरण मैदानापासून सुरू झाली. प्लाउ लेन हे त्यांचे जुने मैदान नव्या सुरक्षा नियमांत बसेना, म्हणून १९९१ साली क्लब दुसऱ्या क्लबच्या मैदानावर, सेलहर्स्ट पार्कवर, भाडेकरू म्हणून गेला. ही व्यवस्था तात्पुरती असल्याचे लोकांना सांगितले होते. पुढे मूळ मैदान विकले गेले, क्लबची मालकी बाहेरच्या गुंतवणूकदारांकडे गेली, आणि २००१ साली मालकांनी जाहीर केले की क्लब सुमारे ९० किलोमीटर दूर असलेल्या मिल्टन कीन्स या शहरात जाणार. ते शहर १९६७ नंतर आखून वसवलेले; लोकसंख्या भरपूर, जागा मुबलक, पण लीगमध्ये खेळणारा क्लब नाही. फुटबॉल लीगने आधी नकार दिला. वाद वाढत गेल्यावर फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या शिखर संघटनेने, तीन सदस्यांचा आयोग नेमला आणि त्याने २८ मे २००२ रोजी दोन विरुद्ध एक अशा मताने स्थलांतराला परवानगी दिली. समर्थकांनी स्वतःचा नवा क्लब काढणे फुटबॉलच्या व्यापक हिताचे ठरणार नाही, असेही मत त्या अहवालात नोंदवलेले आहे.

समर्थकांनी ते मत मानले नाही. काही आठवड्यांतच त्यांनी एएफसी विम्बल्डन नावाचा क्लब स्थापन केला, विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक माळावर खुली निवड चाचणी घेतली आणि स्थानिक पातळीवरच्या लीगमध्ये, म्हणजे कितीतरी पायऱ्या खाली जाऊन, खेळायला सुरुवात केली. त्यांच्या पहिल्याच मैत्रीपूर्ण सामन्याला साडेचार हजारांहून अधिक लोक आले. तो सामना ते ०–४ असे हरले, तरी माणसे उभी राहून टाळ्या वाजवीत होती. उलट, स्थलांतराची तयारी करीत असलेला मूळ क्लब दुसऱ्या श्रेणीत असूनही त्याच्या एका लीग सामन्याला त्या हंगामात हजार प्रेक्षकही आले नाहीत. पूर्ण हंगामाची सरासरी काढली तरी खालच्या लीगमधल्या नव्या क्लबला जुन्यापेक्षा अधिक प्रेक्षक लाभले. मालकांनी मंडळी मिल्टन कीन्सला नेण्यापूर्वीच, जून २००३ मध्ये, मूळ क्लबची आर्थिक स्थिती इतकी ढासळली की तो प्रशासकांच्या ताब्यात गेला. सप्टेंबर २००३ मध्ये तो नव्या शहरात खेळू लागला आणि २००४ साली त्याचे नाव बदलून मिल्टन कीन्स डॉन्स झाले.

नाव बदलण्याच्या अटीकडे तुम्ही विशेष लक्ष द्यावे, असे मला कळकळीने सांगायचे आहे. आधी मैदान गेले, मग मालकी गेली, मग गाव गेले आणि शेवटी नावही गेले. प्रत्येक पायरीवर पुढची पायरी येणार नाही असेच लोकांना वाटत होते. तुमच्या प्रस्तावात यांपैकी तीन पायऱ्या एकाच कागदावर लिहिलेल्या आहेत.

पुढचा भाग मात्र आशा देणारा आहे. समर्थकांचा क्लब नऊ हंगामांत पाच वेळा बढती मिळवून २०११ साली फुटबॉल लीगमध्ये दाखल झाला. त्यासाठीचा निर्णायक सामना त्यांनी ल्युटन टाउनविरुद्ध पेनल्टींवर जिंकला. २००७ साली जुन्या क्लबचे चषक आणि स्मृतिचिन्हे मिल्टन कीन्सकडून विम्बल्डन ज्या मर्टन विभागात येते, तिथल्या स्थानिक प्रशासनाकडे परत आली. नोव्हेंबर २०२० मध्ये जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर त्यांनी सुमारे नऊ हजार प्रेक्षकांचे स्वतःचे मैदान सुरू केले, आणि त्यासाठी लागणाऱ्या पैशांत समर्थकांनी घेतलेल्या कर्जरोख्यांचा मोठा वाटा होता. क्लबची सूत्रे समर्थकांच्या न्यासाकडे आहेत आणि तिथे प्रत्येक सभासदाला एकच मत असते. हे सारे परत मिळवायला अठरा वर्षे लागली, आणि लंडनसारख्या शहरात हजारो माणसे, वकील, हिशेबनीस, पत्रकार हाताशी होते म्हणून ते साधले. आपल्या गावांकडे ती ताकद नसते. संघ एकदा गेला की तो परत आणायला कोण धावणार? म्हणून माझे मत स्पष्ट आहे. संलग्नता आणि नाव देऊ नये.

कन्हानकाठ

मी कामठीचा. आमच्या गावात फुटबॉल रक्तात आहे असे लोक म्हणतात, आणि मी स्वतः नागपूरच्या लीगमध्ये अनेक वर्षे खेळलेला आहे. वर्धाकाठ यांनी सांगितलेला इतिहास मला मान्य आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष खेळाडूंच्या बाजूने अपुरा वाटतो.

मिल्टन कीन्सच्या मुलांचाही विचार करायला हवा. त्या शहरातल्या पोरांना लीगमध्ये खेळणारा क्लब मिळाला, त्याच्या अकादमीतून डेली अलीसारखा इंग्लंडकडून खेळलेला खेळाडू तयार झाला, आणि २०१४ साली त्या संघाने लीग कपमध्ये मँचेस्टर युनायटेडला ४–० असे हरवले. ते प्रेक्षक खोटे नव्हते आणि त्यांचा आनंदही खोटा नव्हता. शिवाय आज ज्याला सारे जग उत्तर लंडनचा क्लब म्हणून ओळखते तो आर्सेनल मुळात थेम्स नदीच्या दक्षिणेकडील वूलविच भागातल्या शस्त्र कारखान्यातील कामगारांचा होता आणि १९१३ साली प्रेक्षक अपुरे पडतात म्हणून हायबरीला गेला. जागा बदलली की क्लब मेलाच, असा सरसकट नियम मांडता येत नाही.

आता आपल्याकडचे पाहू. सतरा वर्षांचा चांगला खेळाडू नागभीडकडच्या गावात राहिला, तर त्याला वर्षात खऱ्या स्पर्धेचे किती सामने मिळतील? मंडईच्या स्पर्धा जिवाभावाच्या असतात, हे मी अनेकदा पाहुणा म्हणून खेळून अनुभवले आहे, पण त्या थोड्या दिवसांच्या असतात. शिकवलेला प्रशिक्षक, हंगामभर चालणारी लीग, निवड समितीची नजर, रेल्वे-पोलिसांसारख्या खात्यांतली खेळाडूंची भरती, हे सगळे शहरात आहे. विजय बारसे यांनी २००१ साली नागपुरातल्या झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलचे काम सुरू केले आणि त्यातून कित्येक मुले देशाबाहेरच्या स्पर्धांपर्यंत गेली, कारण त्या मुलांना नियमाने खेळायला मिळाले. खेड्यातल्या पोराला तेच मिळावे, ही मागणी चुकीची कशी म्हणता येईल? ज्येष्ठांना मंडईत सामना पाहायला मिळावा म्हणून पोरांनी गावात अडकून राहावे, ही अपेक्षा मला योग्य वाटत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की खेळाडूंना जाऊ द्या. त्यांच्या वाटेत मंडळाने उभे राहू नये.

झाडीपट्टीकर

दोघांचेही मनापासून आभार. कन्हानकाठभाऊ, तुमच्या म्हणण्याने मला एक गोष्ट नीट मांडावीशी वाटते. पोरांनी जाऊ नये असे आमच्यातल्या कोणाचेच म्हणणे नाही. आमची मुले शिकायला, कामाला नागपूर-पुण्याला जातातच. शंका इतकीच आहे की चौदा-पंधरा खेळाडू गेल्यावर त्यांच्या मागची जी पंचवीस-तीस लहान मुले रोज संध्याकाळी मैदानावर येतात, त्यांना कोण शिकवणार आणि ती कोणत्या संघात जाण्यासाठी खेळणार? आज त्या मुलांना गोलकीपर कसा उभा राहतो हे शिकवणारा माणूस आमच्याच संघाचा कर्णधार आहे.

आणखी एक. काही सभासद विचारतात की आपल्या देशात असे कधी झाले आहे का. त्याबद्दलही कोणी लिहिले तर सभेत सांगता येईल.

वर्धाकाठ

झाले आहे, आणि महाराष्ट्रातच झाले आहे. इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ पासून एफसी पुणे सिटी हा संघ खेळत होता. २०१९ साली तो बंद झाला आणि त्याची लीगमधली जागा घेऊन हैदराबाद एफसी उभा राहिला. त्या संघाने २०२१–२२ च्या हंगामात विजेतेपदही मिळवले, आणि २०२५ साली तोही हैदराबाद सोडून दिल्लीला गेला. त्याआधी, २०१९ मध्येच, दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला होता. म्हणजे एक जागा पुण्याहून हैदराबादला आणि हैदराबादहून दिल्लीला गेली, आणि दर वेळी मागे राहिलेल्या प्रेक्षकांच्या हाती जुन्या जर्सीखेरीज काही उरले नाही.

असे सहज घडू शकते याचे कारण या लीगमधल्या संघांचा पाया फ्रँचायझीच्या करारावर आहे. मालकाला खर्च पेलेनासा झाला की तो विकतो, घेणारा आपल्या सोयीचे शहर निवडतो. याउलट कोलकात्यात मोहन बागानच्या समर्थकांनी काय केले ते पाहा. २०२० साली एटीके या कोलकात्याच्याच इंडियन सुपर लीगमधल्या संघाशी जोडणी झाल्यावर क्लबच्या नावापुढे एटीके लागले, तेव्हा लोकांनी ते नाव काढण्यासाठी सतत निदर्शने केली आणि २०२३ साली ते नाव निघाले. १८८९ सालापासूनच्या क्लबमागे पिढ्यान्‌पिढ्यांचे सभासद होते म्हणून मालकांना ऐकावे लागले. तुमच्या मंडळाकडे सभासद आहेत आणि लोकवर्गणी आहे. खेळाडू पाठवणे आणि संघ देऊन टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला वाटते कन्हानकाठ यांचा आग्रह पहिल्या गोष्टीचा आहे.

कुहीकर

मी सहसा लिहीत नाही, पण या विषयावर गप्प राहणे जमले नाही. आमचे गाव गोसेखुर्द प्रकल्पात गेले. १९८८ साली वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी झाली तेव्हा मी शाळेत होतो, आणि पाणी प्रत्यक्ष शेतात येईपर्यंत माझ्या मुलाची शाळा सुरू झाली होती. त्या मधल्या काळात आमच्या गावाने स्थलांतराचा प्रत्येक टप्पा पाहिला: सर्वेक्षण, नोटिसा, मोबदल्याचे हेलपाटे, पुनर्वसनाच्या ठिकाणी भूखंडांची सोडत, आणि शेवटी घरांची दारे-खिडक्या काढून ट्रॅक्टरवर लादणे.

आमच्याही गावात संघ होता. फुटबॉल आणि कबड्डी दोन्ही खेळणारा, साधाच. गाव उठले तेव्हा सारी घरे एका ठिकाणी गेली नाहीत; काही नव्या गावठाणात आली, काहींनी मोबदला घेऊन उमरेडला घर बांधले, काही नातेवाइकांकडे गेली. नव्या गावठाणात रस्ते आणि शाळेची इमारत होती, पण कित्येक वर्षे तिथे गाव असल्यासारखे वाटत नव्हते. लोक एकमेकांच्या दाराशी बसत नव्हते, कारण कोणाचे दार कुठे आहे हेच नीट ठाऊक नव्हते. त्या काळात आम्हाला एकत्र आणणारे जे थोडे प्रसंग होते त्यांत पोळा होता आणि संघाचा सामना होता. उमरेडला गेलेली पोरे सामन्यासाठी येत, त्यांच्या मागोमाग त्यांचे आईवडील येत, आणि मग जेवून परत जात. संघाने जुन्या गावाचे नाव टिकवले. कागदोपत्री ते गाव आता पाण्याखाली आहे, पण स्पर्धेच्या पत्रिकेवर ते नाव आजही छापले जाते.

हे सांगण्याचे कारण असे की संघ हलतो तेव्हा तो कोणामागे हलतो, हे पाहिले पाहिजे. आमचा संघ माणसांबरोबर गेला, कारण माणसांनाच जावे लागले. तुमच्याकडे माणसे, मैदान, मंडई सारे जागच्या जागी आहे आणि फक्त संघ जाणार आहे. ज्यांना जमीन सोडावी लागली त्यांना मोबदला ठरवून मिळाला, तो कमी होता की पुरेसा हा वाद वेगळा. परंतु गावाला गाव म्हणून जे गमवावे लागले त्याची नोंद कोणत्याही कागदावर झाली नाही, आणि मोबदल्याचा प्रश्नच आला नाही. तुम्हाला मिळणाऱ्या देणगीतून कुंपण होईल, खोली होईल. पण त्या कुंपणाच्या आत सामना कोण खेळणार, हे कार्यकारिणीने सभेत सांगावे.

आणि एक विनंती. हा निर्णय सभासदांपुरता ठेवू नका. वर्गणी देणाऱ्या, तांदूळ देणाऱ्या, पाहुण्या संघांचा स्वयंपाक रांधणाऱ्या बायकांनाही बोलवा. आमच्या वेळी त्यांना कोणी विचारले नव्हते.

दस्तऐवज

मी धर्मादाय संस्थांच्या कागदपत्रांचे काम करतो, म्हणून फक्त कायद्यापुरते लिहितो. आपले मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेले असेल, तर महाराष्ट्रात ते १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंदवावे लागते, आणि त्यामुळे मंडळाच्या मालमत्तेवर कार्यकारिणीची खासगी मालकी राहत नाही. कार्यकारिणी ही विश्वस्त असते. ज्या उद्देशासाठी मंडळ स्थापन झाले, त्या उद्देशासाठीच तिला काम करता येते.

सर्वांत आधी मंडळाची घटना, म्हणजे नोंदणीच्या वेळी दिलेले उद्देशपत्र आणि नियमावली, काढून वाचा. बहुतेक गावच्या मंडळांच्या उद्देशात गावातील तरुणांसाठी क्रीडा उपक्रम चालवणे, अशा अर्थाचे वाक्य असते. तसे असेल, तर फुटबॉल विभाग पूर्णपणे दुसऱ्या जिल्ह्यातील खासगी व्यक्तीकडे देणे हे उद्देशाच्या बाहेर जाते. उद्देश बदलायचा असेल किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन व्हायचे असेल, तर १८६० च्या कायद्यातील कलम १२ प्रमाणे त्यासाठी बोलावलेल्या विशेष सभेत तीन-पंचमांश मते लागतात, आणि महिनाभराने घेतलेल्या दुसऱ्या विशेष सभेत तीन-पंचमांशांनीच तो ठराव कायम करावा लागतो. कार्यकारिणीच्या बैठकीत हात वर करून हे होत नाही. कायद्याने मुद्दाम दोन सभा आणि त्यांच्यात महिनाभराची उसंत ठेवली आहे, आणि तुमच्यासारख्या प्रसंगी तिचे मोल कळते. त्यानंतर झालेल्या बदलाचा अहवाल १९५० च्या अधिनियमातील कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात दाखल करावा लागतो. मंडळाच्या नावे स्थावर मालमत्ता असेल, तर ती विकण्यापूर्वी त्याच अधिनियमातील कलम ३६ ची पूर्वपरवानगी लागते.

दुसरा मुद्दा मैदानाचा. देणगीतून खोली आणि कुंपण बांधण्याआधी मैदानाचा सातबारा पाहून घ्या. पूर्व विदर्भात कित्येक गावांची मैदाने कागदोपत्री झुडपी जंगल म्हणून नोंदलेली असतात, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमीन मानाव्यात असा निर्णय दिलेला आहे. तुमचे मैदान त्यात मोडत असेल, तर तिथे पक्के बांधकाम करण्यापूर्वी महसूल आणि वन विभागाकडून स्थिती समजून घेणे आवश्यक आहे. ज्या खोलीसाठी संघ द्यायचा, ती खोलीच उभी करता आली नाही, अशी वेळ येऊ नये.

परदेशातील एक उदाहरण कायद्याच्या अंगाने उपयोगी आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात क्लीव्हलँडचा एक संघ मालकाने बाल्टिमोरला नेल्यावर १९९६ साली कायदा झाला, की ज्या संघाने करदात्यांच्या पैशातून उभारलेल्या मैदानाचा आणि सरकारी मदतीचा लाभ घेतला आहे, त्याच्या मालकाने तो हलवण्यापूर्वी सहा महिने आधी सूचना द्यावी आणि स्थानिक लोकांना तो विकत घेण्याची संधी द्यावी. २०१७ साली कोलंबस क्रू हा फुटबॉल संघ ऑस्टिनला नेण्याचा बेत जाहीर झाला, तेव्हा राज्याने याच कायद्याच्या आधारे दावा लावला, समर्थकांनी मोहीम चालवली, आणि अखेर स्थानिक खरेदीदार मिळून संघ कोलंबसमध्येच राहिला. त्याने २०२० आणि २०२३ साली लीगचे विजेतेपद जिंकले, आणि २०२१ पासून ऑस्टिनलाही स्वतःचा नवा संघ मिळाला. आपल्याकडे असा कायदा नाही, परंतु त्यातील तत्त्व मंडळाला स्वतःच्या नियमावलीत घालून घेता येते: संघाचे नाव, रंग आणि संलग्नता यांविषयीचा कोणताही निर्णय ग्रामसभेला आगाऊ सूचना दिल्याशिवाय होणार नाही, अशी दुरुस्ती करून घ्यावी.

कन्हानकाठ

कोलंबसचे उदाहरण मला विशेष पटले, कारण त्यात दोन्ही शहरांना संघ मिळाला. त्या आधारे व्यवहारातला एक मार्ग सुचवतो. खेळाडूची नोंदणी व्यक्तिशः होत असते. तेव्हा ज्या मुलांना जायचे आहे त्यांना त्या केंद्राने आपल्या संघात घ्यावे, मंडळाने आनंदाने संमती द्यावी आणि संघ मात्र गावचा गावात राहावा. केंद्राला खरोखर गुणवान मुले हवी असतील तर एवढे त्यांना पुरेल. त्यांना फक्त तयार नाव आणि तयार संलग्नता हवी असेल, तर तेही या उत्तरातून उघड होईल.

याखेरीज मुलांच्या वतीने तीन गोष्टी लेखी मागा. राहण्याची आणि शाळा-कॉलेजची जबाबदारी कोणाची. दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार. आणि मंडईच्या दिवसांत मुलांना गावाकडून खेळायला सोडणार की नाही. दुखापतीचा मुद्दा मी आग्रहाने मांडतो. गुडघा गेलेला पोरगा शहरातल्या खोलीत एकटा पडतो आणि मग रात्रीच्या बसने घरी येतो. असे मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे.

झाडीपट्टीकर

सर्वांची उत्तरे मी कागदावर उतरवून घेतली आणि काल अध्यक्षांना वाचून दाखवली. घटनेची प्रत जुन्या सचिवांच्या घरी सापडली. उद्देशाच्या पहिल्याच कलमात ‘गावातील मुला-मुलींना’ असे शब्द आहेत, त्यामुळे दस्तऐवज यांनी सांगितलेली अडचण आम्हालाही लागू आहे. मैदानाच्या सातबाऱ्यासाठी तलाठ्यांकडे अर्ज दिला आहे.

येत्या सभेत मी असा ठराव मांडणार आहे की फुटबॉल विभाग, नाव आणि संलग्नता मंडळाकडेच राहील. जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंना मंडळ संमती देईल आणि कन्हानकाठभाऊंनी सांगितलेल्या तीन बाबींवर केंद्राशी लेखी बोलणी करील. कुहीकरकाकांच्या सूचनेप्रमाणे विषय ग्रामसभेत ठेवला जाईल आणि महिलांच्या बचतगटांना वेगळे निमंत्रण जाईल. तरुण सभासदांपैकी दोघांनी ठरावाला अनुमोदन देण्याचे कबूल केले आहे. देणगी मिळणार नाही हे गृहीत धरून कुंपणासाठी यंदा वर्गणी थोडी वाढवावी लागेल, आणि तो विषय त्याच सभेत घ्यावा की वेगळा, एवढेच ठरायचे आहे.

दस्तऐवज

वेगळा घ्या. एकाच सभेत दोन्ही विषय आले तर कागदावर असे दिसेल की देणगी नाकारल्याची भरपाई म्हणून वर्गणी वाढवली, आणि उद्या कोणी त्यावर हरकत घेईल. ठरावाच्या इतिवृत्तावर हजर सभासदांच्या सह्या त्याच दिवशी घ्या आणि नियमावलीतील दुरुस्तीचा मसुदा सभेच्या नोटिशीबरोबरच सर्वांना द्या.